कोरड्या डोळ्यांच्या इंदूआक्का

इंदूआक्कांना बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेही अगदी शेवटी. एरवी त्या कायम उभ्या, नाहीतर चालत. चुलीपासून कोठीपर्यंत, कोठीतून काउंटरपर्यंत, काउंटरवरून परत चुलीकडे. कुणी स्टूल पुढे केलं तर म्हणायच्या, "बसून काय अंडी उबवायचीत?" आणि वाक्य संपायच्या आत पुढे गेलेल्या असायच्या. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे त्यांच्या मागे मागे फिरायचं. मला ते जमायचं. माझ्याही पायाला भिंगरी आहे असं आमच्या घरचे म्हणतातच.

चाकणच्या पुढे आमची कंपनी. गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट बनायचे. मी क्वालिटीला होते. मूळची लातूरची, राहायला भोसरीत, आणि उरलेलं आयुष्य नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये. आक्का कंपनीच्या कँटीनमधल्या मुख्य स्वयंपाकीण. सासर कुंपणापलीकडच्या गावात आणि माहेर दोन गावं सोडून, त्यामुळे त्यांना सगळा मुलूख ओळखायचा. कँटीन कंत्राटदाराचं होतं, पण तो महिन्यातून एकदा उगवायचा. राज्य आक्कांचं.

आक्कांच्या कमरेला कायम एक स्टीलची पाण्याची बाटली असायची, दोरीने बांधून खोचलेली. दोन वाक्यं झाली की एक घोट. तिसरं वाक्य अर्धं झालं की पुन्हा एक. "थांब ग, जीभ भिजवू दे," म्हणायच्या आणि समोरच्याला तसंच ताटकळत ठेवायच्या. भट्टीसमोर काम करणाऱ्या बाईला तहान लागणारच, म्हणून कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. भाकरीही त्या पाण्यात बुडवून खायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "कोरडी भाकर नरड्यात उभी ऱ्हाती बया." आम्ही हसायचो. त्याही हसायच्या, ओठावरून ओली बोटं फिरवत.

जेवणाच्या सुट्टीआधी रोज एक सोहळा असायचा. भोंगा व्हायला थोडा वेळ उरला की आक्का पातेल्यापाशी जायच्या, पळीभर आमटी डाव्या तळव्यावर घ्यायच्या, डोळे मिटून चाटायच्या. मग सगळं कँटीन गप्प. डोळे उघडले की एकच शब्द, "लावा." म्हणजे ताटं लावा, शटर वर करा. तो शब्द निघाल्याशिवाय वाटीभर आमटीही बाहेर पडायची नाही. एकदा मोठे साहेब परदेशी पाहुण्यांना घेऊन वेळेआधी आले आणि थेट काउंटरला उभे राहिले. आक्का आतून म्हणाल्या, "सायेब, आमटी अजून म्या बघितली न्हाई." साहेब पाहुण्यांसह मुकाट्याने हात धुवायला गेले. तळव्यावर घेऊन चाटणं बरं दिसत नाही म्हणून ऑडिटवाल्यांनी त्यांना एक चमचा दिला. तो चमचा त्यांनी आदराने स्वीकारला आणि त्याच चमच्याने आमटी तळव्यावर घ्यायला लागल्या.

दुसरी ख्याती कांद्याची. पोत्यानं कांदा चिरला जायचा. परभणीकडची मंगल आणि बाकीच्या बाया पदराने डोळे पुसत, नाकं ओढत चिरायच्या. आक्का मात्र खटाखट चिरायच्या आणि डोळ्याला टिपूस नाही. नवीन ट्रेनी पोरं खास बघायला यायची. आक्कांना त्याचा अभिमान होता. "कांद्याला माणूस कळतंय," त्या म्हणायच्या, "भ्यायलं की रडवतोय." मंगल म्हणायची, "आक्का, तुमचे डोळे हायत का कंपनीनं बसवलेले हेडलाइट?" आणि सगळ्या बाया ओल्या डोळ्यांनी हसायच्या. मीही हसले आहे. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग आक्कांचा भाऊ गेला.

धाकटा, एकुलता एक. नाव दत्तू. हार्टॲटॅकनं, उभ्या उभ्या, शेताच्या बांधावर. आम्ही कँटीनच्या बाया आणि मी शेअर रिक्षा करून त्यांच्या माहेरी गेलो. अंगणात बायकांचा आक्रोश चाललेला. आमच्याकडे मयताच्या घरी बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, नवीन कुणी दारात आली की रडण्याला पुन्हा जोर येतो, तसंच इथेही होतं. पण आक्का कुणाच्या गळ्यात नव्हत्या. त्या चुलीवरच्या आधणाकडे बघत होत्या, सतरंजी झटकत होत्या, पुरुषांना पाणी नेऊन देत होत्या. आत बाहेर, बाहेर आत. आणि दर दोन मिनिटांनी कमरेची बाटली काढून घोट घेत होत्या. भावाचं प्रेत दारात आणि बहीण घटाघटा पाणी पिते आहे, हे सगळ्या बायकांनी बघितलं.

भावजयीचं नाव रखमा. ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. तिने आक्कांकडे बराच वेळ बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डोळ्याला टिपूस न्हाई. बहीण हाय का दगूड?"

आक्का थांबल्या. मी त्यांना थांबलेलं बहुधा तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. तोंड उघडलं, जीभ टाळूला चिकटावी तसा काहीतरी आवाज आला, पण शब्द आला नाही. त्यांनी बाटली काढली आणि पुन्हा घोट घेतला. त्याने तर कहरच झाला.

या पट्ट्यात रस्त्याला लागून जमीन असली की न रडण्याचाही अर्थ लावला जातो. बहिणीला हिस्सा हवा असणार, दुःख कुठून येणार, अशी कुजबूज तेराव्यापर्यंत गावभर झाली. आक्कांनी जमिनीचं हक्कसोडपत्र कधीच करून दिलं होतं, पण ते कोण आठवणार. तेराव्यानंतर रखमाने निरोप पाठवला, पुन्हा या घराची पायरी चढायचं काम नाही. माहेरची वाट तिथे तुटली. आक्कांचं माहेर म्हणजे काही वाडे-इमले नव्हते. चार खोल्या, एक भाऊ आणि सणाला हक्काने जायचं एक दार. तेच बंद झालं.

त्यानंतर त्यांची चाल आणखी वाढली. शिफ्ट सुटली तरी घरी जायच्या नाहीत, कँटीनला फेऱ्या घालत राहायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "आक्का, जरा टेका की. बघून मलाच दम लागतो." तेव्हा चालता चालताच म्हणाल्या, "टेकले की येतो डोळ्याम्होरं. आन मंग रडू येतं. आतून येतं ग, इथवर येतं," त्यांनी गळ्याला हात लावला, "फुडं येत न्हाई. डोळ्यात निस्ती वाळू खुपती. म्या खरंच दगूड झाले का?" मी म्हटलं, तसं काही नसतं. असं म्हणण्याने कुणाचं काही भलं होत नाही हे मला म्हणतानाच कळत होतं.

तोंडाचं दुखणं आम्हाला खंडेनवमीला कळलं. त्या दिवशी मशीनची पूजा, हार, गुलाल आणि सगळ्या शिफ्टला मसालेभात. आक्कांनी भात चाखला, कपाळाला आठी घातली, "मिळमिळीत हाय" म्हणाल्या आणि मीठ टाकलं. पुन्हा चाखला. पुन्हा टाकलं. मग "लावा" म्हणाल्या. पहिला घास घेतलेला प्रेसशॉपचा माणूस तसाच उठला. त्याच्या मागे रांगच्या रांग. सणाच्या दिवशी ताटं तशीच भरलेली राहिली आणि लोक वडापाव शोधत गेटबाहेर गेले.

कंत्राटदार नेमका त्या दिवशी आलेला. सगळ्यांसमोर म्हणाला, "तोंडात मिश्री भरून ठेवल्यावर चव काय कळणार बाईला?"

आता मिश्री इकडच्या बायांमध्ये घरोघरी असते. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड सकाळी दाताला लावायची आणि मग दिवसभर अधूनमधून. आक्काही लावायच्या, एके काळी. पण एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर दत्तू म्हणाला होता, या वर्षी मी ओवाळणी घालणार नाही, तूच मला घाल. मिश्रीची डबी दे. आक्कांनी डबी त्याच्या ताटात ठेवली आणि परत हात लावला नाही. हे सगळ्या कँटीनला ठाऊक होतं, त्यांनीच शंभरदा सांगितलेलं. त्यामुळे कंत्राटदाराने काढलेला शब्द कुठे लागला असेल ते मला दिसत होतं. आक्कांनी पाण्याचा घोट घेऊन पातेलं घासायला घेतलं.

मग उपाय सुरू झाले. कुणी म्हणे उष्णता आहे, सब्जा घ्या. कुणी गुलकंद. कुणी तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या. चाकणातल्या एका दातवाल्याने दोन दाढा काढल्या. दात मात्र मुळाशी झिजून, काळे पडून तुटतच राहिले. जिभेला तडे गेले होते. तिखटाचा थेंब लागला तरी आक्का डोळे घट्ट मिटायच्या. त्या आता तळव्यावर आमटी घ्यायच्या आणि चाटता चाटता माझ्या नाहीतर मंगलच्या चेहऱ्याकडे बघायच्या. एकदा तळवाच माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाल्या, "बघ ग जरा. कसं हाय?" मी चाखलं. मीठ जास्त होतं. मी तसं सांगितलं. "व्हय का," म्हणाल्या, "मला पाणीच लागतंय." कंत्राटदाराने त्यांना भांड्यांवर टाकायचं ठरवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

थंडीत कंपनीत आरोग्य शिबिर झालं. दातांच्या टेबलावर एक तरुण डॉक्टरीण होत्या, मुख्यतः गुटखा-तंबाखूवाल्यांची तोंडं बघायला. पुरुषांची रांग लागलेली. मी आणि मंगलने आक्कांना ओढतच नेलं. त्यांना खुर्चीवर बसा म्हटलं तर त्या कडेला टेकल्यासारख्या उभ्याच राहिल्या.

"मिश्री लावता, मावशी?" डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्याच विचारलं.

"सोडली," आक्का म्हणाल्या. "भावानं सोडवली."

डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा गालाच्या आत घातला, फिरवला, आणि बाहेर काढायला गेल्या तर तो गालाला चिकटून बसला. गाल त्याच्याबरोबर ओढला गेला. त्या थबकल्या. पाणी लावून आरसा सोडवला आणि पुन्हा लावून बघितला. पुन्हा चिकटला. मग त्यांचा सूरच बदलला.

"भाकरी पाण्याशिवाय गिळता येते?"

"न्हाई."

"झोपेतून उठून पाणी प्यावं लागतं? सांधे दुखतात सकाळी?"

"बोटं वळत न्हाईत सकाळची. कामानं दुखत्यात म्हनलं."

"डोळे खुपतात? कांदा चिरताना पाणी येतं का डोळ्यांत?"

इथे मंगल मोठ्या कौतुकाने पुढे झाली. "अहो मॅडम, आमच्या आक्कांना कांदा रडवीतच नाही. पोतं चिरतात, एक थेंब नाही. सगळ्या कंपनीला ठाऊक हाय."

रांगेतले दोघे-तिघे हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी आक्कांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "रडू आलं तर येतं का पाणी?"

आक्कांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "भाऊ गेला तवा न्हाई आलं." आणि बाटलीतला एक घोट घेऊन, "रडू आलं हुतं. पानी न्हाई आलं."

पुढे पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात फेऱ्या झाल्या. पापणीत कागदाची पट्टी अडकवून बघितलं, ती कोरडीच राहिली. रक्त तपासलं. खालच्या ओठाच्या आतून बारीक तुकडा काढून तपासला. मग मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की शरीराची रोगाशी लढणारी फौजच उलटली आहे, लाळ आणि अश्रू बनवणाऱ्या आपल्याच ग्रंथींवर ती चालून गेली आहे. नाव शोग्रेन. समूळ जात नाही, पण सांभाळता येतं. डोळ्यात घालायचे थेंब, घोट घोट पाणी, दातांची काळजी, काही गोळ्या, वेळच्या वेळी तपासणी. आक्कांना ते नाव कधी म्हणता आलं नाही. त्यांनी मंगलला समजावलं ते असं, "गेटवरच्या सिक्युरिटीनं चोर सोडून आपल्याच कामगारांना बडवायला घ्यावं, तसं झालंया माज्या आत."

रोग ऐकून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. आक्का घाबरल्या नाहीत, उलट दवाखान्याच्या पायऱ्या जवळजवळ धावतच उतरल्या. रस्त्यावर येऊन माझा दंड धरला. "म्हंजी म्या दगूड न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरी, रखमाला सांगाय पायजे." तोंडाची चव गेली, दात गेले, जन्माचं औषध लागलं, त्यातलं काहीच त्यांच्या मनावर नव्हतं. मला तिथे फुटपाथवर रडू कोसळलं आणि त्या माझ्याकडे चक्क हेव्याने बघत राहिल्या.

कँटीनमध्ये चाखायचं काम मंगलकडे गेलं. भांड्यांवर टाकायचा विषय बायांनी आणि आमच्या कँटीन कमिटीने मिळून मोडून काढला. मंगल तळव्यावर आमटी घेऊन चाटायची आणि आक्कांकडे बघून विचारायची, "आक्का, लावू?" आक्का म्हणायच्या, "लाव." तेवढं राज्य राहिलं.

माहेरी मात्र निरोप पोचूनही दार उघडेना. भाच्याकडून सांगून पाहिलं. रखमाने उलट निरोप धाडला, "असला कुठं रोग असतो व्हय?" तिचंही काय चुकलं, त्याआधी मी स्वतःही तो ऐकला नव्हता. शेवटी दत्तूचं वर्षश्राद्ध आलं. आक्का म्हणाल्या, "बोलावलं न्हाई, पर म्या जाणार. दारातनं हाकललं तर हाकललं. तू चल. तुला डाक्टरचं बोलणं नीट सांगता येतं."

मी सेकंड शिफ्टला होते, सकाळी जाऊन यायचं ठरलं. रिक्षातून उतरलो तर धुळीने आक्कांचे डोळे लाल झालेले. घराच्या कोपऱ्याशी, गोठ्याच्या आडोशाला उभं राहून त्यांनी औषधाची कुपी काढली आणि मान वर करून दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. सकाळची बोटं नीट वळत नव्हती. थेंब जास्त पडले, गालांवरून ओघळून हनुवटीपर्यंत आले. वर्षभरात पहिल्यांदा मी आक्कांचा चेहरा ओला पाहिला आणि मला ती नामी संधी वाटली.

"आक्का," मी म्हटलं, "पुसू नका. असंच चला आत. काही सांगायलाच नको कुणाला."

आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आमटी न बघता शटर उघडणाऱ्याकडे बघायच्या. पदर घेऊन चेहरा खसाखसा पुसला, गाल, हनुवटी, डोळ्यांचे कोपरेसुद्धा. "बाटलीतलं पाणी घिऊन भावाच्या दारात जाऊ व्हय?" त्या म्हणाल्या. "जाईन तर अशीच जाईन."

वळलो तर गोठ्याच्या दाराशी रखमा उभी होती, हातात शेणाची पाटी. कधीची उभी होती कोण जाणे. तिने कुपी पाहिली होती, ओघळ पाहिले होते, आणि ते पुसलेलेही पाहिले होते. मी डॉक्टरचं बोलणं सांगायला तोंड उघडलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"वन्सं," ती आक्कांना म्हणाली. आवाज कोरडाच होता. "आमटीला मीठ घालायचं राह्यलंय. आज चाखता येत न्हाई कुणाला. माजा अंदाज चुकतोय. तुमी घाला."

श्राद्धाचा स्वयंपाक आधी कुणी चाखत नाही. पान पितरांना दाखवायचं, घास कावळ्याला ठेवायचा, मग माणसांनी जेवायचं. हे मलाही ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. त्या घरात त्या दिवशी कुणाच्याच जिभेला काम नव्हतं. आक्का चुलीपाशी गेल्या. पातेल्याकडे बघितलं, डाव भरून आमटी वर उचलली, वरून सोडून तिची धार बघितली. सवयीने डावा तळवा पुढे झाला, रिकामाच, आणि त्यांनी तो मिटून घेतला. मग मिठाच्या बरणीत हात घातला, मूठ बंद करून तिचं वजन घेतलं, थोडं परत टाकलं आणि उरलेलं आमटीत सोडलं. खंडेनवमीची ती भरलेली ताटं मला डोळ्यांसमोर दिसत होती.

कावळ्याला घास ठेवला. अंगणात पंगत बसली. सगळे आक्कांकडे बघत होते, कारण डाव त्यांच्याच हातात होता.

"लावा," आक्का म्हणाल्या.

माझी बसची वेळ झाली होती, पण पाय निघेना. पुरुषांनी आमटी ओरपली, दुसऱ्यांदा मागितली. कुणी काही बोललं नाही, आणि आमटीबद्दल कुणी काही बोललं नाही म्हणजे मीठ बरोबर पडलं होतं. मग बायकांची पंगत बसली. रखमाने आक्कांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. त्यांच्या पानावरचा कोरडा भात आमटीत अगदी सरसरीत कालवला, लहान मुलाला कालवतात तसा, आणि पाण्याचा तांब्या आपल्या पुढचा उचलून त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. मग पदर तोंडाशी नेऊन ती रडायला लागली.

त्यानंतर मी लवकरच कंपनी बदलली, आता वाकडला असते. आक्कांची खुशाली मंगलकडून कळते, त्या अजून कँटीनमध्ये फेऱ्या घालतात. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या दिवशीच्याच येतात. मी दारातून वळून पाहिलं तेव्हा रखमा हमसून रडत होती. आक्का तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी, आणि म्हणत होत्या, "रड ग. माज्या वाटचं पण रड."